सुतळी कुणाच्या वाट्याला

घर, दोर वळायची लांब पडवी आणि बंदरावरचं दुकान यांची वाटणी सकाळीच उरकली होती, आणि नवल म्हणजे कुणी कुणाचं डोकं फोडलं नव्हतं. पडवी थोरल्याकडे गेली, दुकान धाकट्याकडे, आणि माहेरी आल्यावर टेकायला मागच्या दोन खोल्या ताईकडे. जेवणंही गोडीगुलाबीने झाली. आता उरल्या होत्या त्या तीन चिजा: बैलजोडी, डांबर तापवायची तांब्याची कढई, आणि सुतळी.

बैल पडवीच्या पलीकडच्या टोकाला रवंथ करत होते. कढई चुलाणावर पालथी होती. आणि सुतळी त्या वाटणीचे धागे ओवत होती.

यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. दोर वळणाऱ्यांच्या या घरात वाटणी चिठ्ठ्या टाकून होत नसे, ओढून होत असे. पडवीच्या मध्यावर भोकांची फळी उभी असायची. एरवी सूत तिच्यातून ओवून सरळ करायचं आणि पुढे पीळ द्यायला न्यायचं. वाटणीच्या दिवशी त्याच भोकांतून एकेक धागा जायचा. पलीकडचं टोक वस्तूला बांधलेलं, अलीकडची टोकं घरातल्या सर्वांत वडील माणसाच्या मुठीत. पलीकडचं दिसू नये म्हणून मध्ये गोणपाटाचा पडदा. ज्याने जे टोक ओढलं, त्याचं ते. ओढताना म्हणायचं, ‘हात माझा, वाटा देवाचा.’ आता देवाला बिचाऱ्याला यातलं कुणी काही विचारलं होतं का, हे त्याचं त्यालाच ठाऊक.

धागे ओवायचे ते घरच्या गुलामाने. त्याला वाटा नाही, तेव्हा त्याच्या हातात लबाडी नाही, अशी जुनी समजूत. आणि वाटणीत गुलामच असला, तर शेवटचा धागा त्याने आपणच आपल्या मनगटाला बांधायचा आणि गुमान उभं राहायचं. “आमच्या घरात कुणी कुणाला बांधत नाही,” हे सांगताना या घराण्याची छाती फुगायची.

वहिनी, म्हणजे थोरल्याची बायको, पिळाचं चाक फिरवणाऱ्या गड्यांना पाणी देता देता हे सगळं बघत होती. या घरात सून होऊन आली तेव्हा सुतळी तिच्या कमरेएवढी होती. आता वहिनीच्या डोक्याच्याही वर गेली होती, पण अंगावर मांस म्हणून नाही. त्यावरूनच सासऱ्यांनी तिला हे नाव ठेवलं होतं. विकत आणलेल्या बटकीची मुलगी, तिला कोण वेगळं नाव शोधत बसतो?

“थोरल्या,” आत्याबाई बाजेवरून म्हणाल्या. डोळ्यांनी त्यांना आता सावल्याच तेवढ्या दिसत, पण आवाज खणखणीत. “तुझ्या बापाने जाताना काय सांगितलं, ते आठवतंय ना?”

थोरला दोराचं एक टोक नखाने उकलून बघत होता. त्याने मान वर केली नाही. “आत्या, तापात माणूस काहीबाही बोलतो.”

“असं का? तापातच तो ‘पडवी थोरल्याला’ म्हणाला. ते बरं तू खरं धरलंस!”

चाकवाला फसकन हसला आणि पाणी नाकात गेल्याचा बहाणा करून खोकू लागला. वहिनीने भांडं त्याच्या हातातून काढून घेतलं.

सासरे ‘सुतळीला मोकळी करा’ म्हणाले, तेव्हा खोलीत वहिनी नव्हती. आत्याबाई होत्या, थोरला होता, आणि पायाशी पाण्याचं घंगाळ धरून खुद्द सुतळी होती. वहिनीला हे कळलं ते आत्याबाईंकडून. नवऱ्याने तिच्याशी अवाक्षर काढलं नव्हतं, आणि तेच तिला सलत होतं. दोर विकताना बोटभर कमी भरला तर गिऱ्हाइकाच्या मागे धावत जाणारा माणूस हा! बापाचा शब्द मात्र त्याने बिनबोभाट गिळला.

“रीत आहे ती आहे,” थोरला म्हणाला. “सुतळी बाबांची होती. बाबा गेले, आता ती घराची. घराची म्हणजे वाटणीत. आत्या, उगाच फाटे नका फोडू. सगळं कसं नीट पार पडतंय.”

आत्याबाई काहीतरी बोलणार होत्या. पण भावंडं एकत्र जेवली होती, ताईच्या चेहऱ्यावर किती दिवसांनी हसू होतं, आणि म्हाताऱ्या माणसाला शेवटी घर एक दिसलं की पुरे असतं. त्यांनी मूठ पुढे केली. “आणा ती टोकं.”

*

धाकट्याला मात्र सगळं नीट पार पडायची फारच घाई झाली होती. बंदरावर नव्या गलबताचा मालक त्याची वाट बघत होता. त्या मालकाच्या बायकोला हाताखाली एक चुणचुणीत, धडधाकट मुलगी हवी होती, आणि धाकट्याने खुशाल शब्द देऊन टाकला होता. मुलगी पोचली की त्या गलबताचे सगळे दोर यापुढे धाकट्याच्या दुकानातून.

“ताई,” तो बहिणीच्या कानाशी लागला, “सुतळी तुझ्या हाती लागली तर मला दे. मी तुला बैलजोडी देतो.”

“बैलजोडी तुला कुठे मिळालीय अजून?”

“मिळेल की.”

“बाजारात तुरी! आणि मिळाली तरी नको. सुतळी माझ्याकडेच येणार. लहानपणी एका अंथरुणात झोपलोय आम्ही.”

“ती तुझ्या पायथ्याशी झोपायची. तुझे पाय गरम ठेवायला.”

“अंथरूण एकच होतं ना?” ताईचे डोळे भरून आले. तिला मनापासून वाटत होतं ते. तिच्या सासरी तिच्याशी दोन शब्द बोलायला कुणी नव्हतं. सुतळी आली तर दुपारी दोघी मिळून निवडण-टिपण करतील, जुन्या गोष्टी काढतील. एखाद्या वेळी सुतळी तिची वेणीही घालेल, पूर्वीसारखी. “तू तिला समुद्रापार पाठवणार. परक्या लोकांत. मी तिला जिवापाड जपेन.”

“जपशील गं. जात्याला जपतात तशी.”

“आणि तू?”

“मी निदान तोंडावर बोलतो. गळे काढत नाही.”

“दोघंही गप्प बसा,” थोरला म्हणाला. “ती माझ्याकडे आली, तर पडवीतच राहील. आपल्या घरातच. तिचंही बरं आणि आपलंही.” बोलता बोलता त्याची नजर पडवीभर पसरलेल्या जाड दोराकडे गेली. नांगराचा दोर होता तो, अर्धा वळून झालेला. तीन लडी जिथे एकमेकींना भेटतात, तिथे खाचांचा लाकडी ठोकळा धरून एका माणसाला चालावं लागतं. घाई केली तर दोर सैल, रेंगाळलं तर दोर ताठर. बापाच्या मागे तो ठोकळा सुतळीच्याच हातात नीट चालत होता. धाकट्याने थोरल्याची ती नजर ओळखली आणि गालात हसला. भावाच्या पोटातली माया कुठे अडकलीय, ते भावाला कळत नसेल तर कुणाला?

*

गोणपाटाच्या पलीकडे सुतळीला सगळं ऐकू येत होतं. पडद्याने दिसायचं थांबतं, ऐकू यायचं कुठे थांबतं?

एक धागा तिने बैलाच्या गळ्यातल्या घंटेला बांधला. दुसरा कढईच्या कडीला. तिसरा हातात धरून ती उभी राहिली.

अशाच एका दिवशी तिची आई या फळीशी उभी होती. तेव्हा वाटणी तिच्या मालकाची आणि त्याच्या भावाची होती. आई भावाच्या वाट्याला गेली, आणि या घराच्या वाट्याला ही कढई आली. सुतळी तेव्हा रांगत होती. ती कढईच्या बाजूला होती की आईच्या, यावर थोडी बाचाबाची झाली म्हणे. मग कुणीतरी म्हणालं, मूल जिथे रांगतंय तिथलं. ती याच घराच्या अंगणात रांगत होती.

आईला तिने त्यानंतर पाहिलं नाही. कढई मात्र रोज पाहिली.

मालक जाताना जे बोलले, ते तिने स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. घंगाळातलं पाणी हिंदकळलं होतं तेव्हा. तिला वाटलं, आता थोरले मालक माझ्याकडे बघतील. थोरले मालक म्हणाले, “सुतळी, सरपण आण.” ती सरपण घेऊन आली. मग तिला वाटलं, आज नाही, घरात माणूस गेलंय. मग वाटलं, पाहुणे गेल्यावर. मग वाटलं, वाटणीच्या आधी तरी. वाट बघण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. आणि आज सकाळी थोरले मालक आले आणि म्हणाले, “धागे ओव.”

तिने दोन बांधले होते. तिसऱ्याला बांधायला तिचं मनगट तिच्याच समोर होतं, आणि ती त्याच्याकडे अशी बघत होती, जसं ते तिने पहिल्यांदाच पाहिलं असावं.

“झालं का गं?” थोरल्याने हाक दिली.

“ओवून झालं,” सुतळी म्हणाली. आणि हे अगदी खरं होतं.

*

थोरल्याने पहिलं टोक ओढलं. “हात माझा, वाटा देवाचा.” पलीकडे घंटा वाजली. बैल त्याचे. तोंड कडू झालं त्याचं, पण वडील माणूस, करतो काय.

ताईने डोळे मिटून, ओठांत काहीतरी पुटपुटत दुसरं ओढलं. कढईची कडी खणखणली. ताई तिथेच मटकन बसली आणि पदर डोळ्यांना लावला.

“रडू नकोस, ताई, कढईत मावतील तेवढेच आसू गाळ,” म्हणत धाकट्याने बाह्या सारल्या. आता राहिलं काय होतं? त्याने ऐटीत टोक बोटाला गुंडाळलं आणि ओढलं.

धागा आला. सुरसुरत, विनाअडथळा, येतच राहिला. धाकटा ओढत राहिला, आणि शेवटी भोकातून धाग्याचं मोकळं टोक बाहेर येऊन जमिनीवर लोळलं. त्याला ना गाठ होती, ना काही.

धाकट्याने गोणपाट खेचून काढलं. पलीकडे सुतळी दोन्ही हात कमरेवर ठेवून उभी होती.

“अगं, बांधला नाहीस?”

“नाही.”

“विसरलीस?”

“नाही, धाकटे मालक.”

तिच्या आवाजात ना राग होता ना रडू. वहिनीने हातातलं भांडं हळूच खाली ठेवलं.

“बांध मग,” थोरला म्हणाला. “पुन्हा ओव आणि बांध. धाकट्याचाच धागा आहे, परत ओढायला नको. रीत पुरी कर.”

“मी नाही बांधणार. मालकांनी मला मोकळी केलीय. तुम्ही तिथेच होता. आता मला बांधायचं असेल, तर तुमच्यापैकी कुणीतरी या आणि आपल्या हाताने बांधा.”

जन्मभर दोर वळणारी माणसं ही. मुंगीच्या पायाला गाठ मारून देतील. पण एकही जण जागचा हलेना. थोरल्याने धाकट्याकडे पाहिलं. “वाटा तुझा आहे.”

“पडवी तुझी आहे. तुझ्या पडवीत घडतंय हे.”

“ताई, तू तरी—”

“मी?” ताई दचकली. “मी कशी बांधू? मी तिला बहिणीसारखी मानते.”

“हो ना, ताई,” सुतळी म्हणाली. “मग माझ्यासारखा तुमच्या मनगटाचा धागा कोणत्या भोकातून ओवायचा होता? मला दिसलं नाही.”

ताई उठली आणि बाजेमागे जाऊन बसली.

धाकट्याला मात्र बंदर दिसत होतं. तो तरातरा पुढे आला, तिचं मनगट धरलं आणि धागा बांधला, पक्का, गाठीवर गाठ. सुतळी बघत होती. तो मागे सरकला तशी तिने दुसऱ्या हाताच्या दोन बोटांनी गाठ चाचपली, एक वेढा ढिला केला, आणि धागा गळून पडला.

त्याने परत बांधला, या वेळी नांगराला मारतात ती गाठ. तिने ती दातांनी सोडवली.

“तुम्ही बांधा,” ती म्हणाली, “मी सोडते. दिवस अजून बराच आहे.”

चाकवाल्याला आता पाण्याचं निमित्तही उरलं नव्हतं. तो मोकळेपणाने हसला, आणि त्याच्यामागे बाकीचे गडीही. धाकट्याचे कान लाल झाले. त्याने हात उगारला, आणि तो हात वरच्या वर वहिनीने धरला.

“भावोजी. तुमच्याच वस्तूला मारून खराब करता? गलबतवाला काय म्हणेल?”

“वहिनी, सोडा! ही बऱ्या बोलाने ऐकायची नाही. साखळी आणतो मी.”

“आणा की,” वहिनी म्हणाली. “लोहाराकडे जाताना मधल्या रस्त्याने जा, म्हणजे सगळ्यांना दिसेल. दोरवाल्यांच्या घरात साखळी! उद्या बंदरावर हेच ऐकू येईल, की यांच्या दोरात एक काटकुळी पोरगी राहिली नाही, आणि हे म्हणे गलबत थांबवणार!”

धाकट्याचा हात आपोआप खाली आला. थोरल्याने बायकोकडे असं पाहिलं, जणू ती एवढी वर्षं या घरात बोललीच नव्हती. आणि तसं पाहिलं तर बोलली नव्हतीच.

*

वडीलकीची गाडी अडली की थोरला नेहमी मधला रस्ता काढायचा. आताही त्याने तो काढला. सुतळीपाशी आला, आणि आवाजात होती नव्हती तेवढी साखर घालून म्हणाला, “बरं बाई. बाबांचा शब्द खरा. तू मोकळी. झालं समाधान? आता इथेच राहा. हेच काम कर, हेच खा, याच कोपऱ्यात नीज. तुला कुणी गुलाम म्हणणार नाही. लेकीसारखी राहशील.”

“आणि मी ‘नाही’ म्हटलं तर?”

“कशाला?”

“कशालाही. समजा, तुम्ही ‘सरपण आण’ म्हणालात आणि मी म्हणाले, आज कंटाळा आलाय.”

थोरला अडखळला. “म्हणजे... कंटाळा कसा करून चालेल?”

“मग दावं फक्त लांब केलंत, मालक.”

“अगं, पण मोकळी होऊन तू करणार काय?” ताई कळवळून म्हणाली. “जाशील कुठे? खाशील काय? जग किती वाईट आहे, तुला काय माहीत!”

हा प्रश्न सुतळीला अवघड जाईल, असं सगळ्यांना वाटलं. पण एवढे दिवस सरपण वाहताना, पाणी भरताना, मागे मागे चालत सूत कातताना तिने दुसरा विचार तरी कशाचा केला होता?

“मला झोपायला एक खोली हवी, लहानशी,” ती म्हणाली, “जिची कडी आतून लागते. बाहेरून हाक आली तर मी आधी विचारणार, कोण आहे. आवडलं तर उघडणार. मग एक दोर वळणार, आणि तो बिघडवणार. बिघडला तर लोक म्हणतील, सुतळीने बिघडवला. चांगला झाला तर म्हणतील, सुतळीने केला. आतापर्यंत चांगला तो घराण्याचा, आणि बिघडला की तेवढा माझा.”

“हे काय मागणं झालं!” धाकटा पुटपुटला.

“आणि आणखी एक.” ती ताईकडे वळली. “माझी आई तुमच्या काकांकडे वारली, तेव्हा निरोप सकाळीच आला होता. मला सांजेला कळलं. थोरले मालक म्हणाले होते, हातातली लड पुरी होऊ दे, मग सांगा. ती लड मी हसत पुरी केली. चाकवाल्याने काहीतरी विनोद केला होता. मला रडायचं होतं तेव्हा मी हसत होते, कारण तुम्ही मला सांगितलं नव्हतं. मोकळी म्हणजे काय, विचारता ना, ताई? वाईट बातमीसुद्धा वेळेवर मिळणं. बाकीचं जग वाईट असेल तर असू दे. ते वाईट माझं मी बघीन.”

चाकवाला जमिनीकडे बघत होता. वहिनीला ती दुपार लख्ख आठवली. निरोप तिनेच दारात घेतला होता, आणि दुपारी सुतळीच्या ताटात नेहमीपेक्षा जास्त वाढलं होतं. ‘आज काय आहे, वहिनी?’ असं सुतळीने खुशीत विचारलंही होतं. वहिनीने तेव्हा काय उत्तर दिलं होतं, ते तिला आत्ता काही केल्या आठवेना, आणि आठवू नये असंच वाटत होतं.

बाजेवर आत्याबाई इतका वेळ मूठ तशीच धरून बसल्या होत्या. टोकं ओढून झाली होती, मुठीत काहीच नव्हतं, तरी सवयीने मूठ वळलेलीच. त्यांनी ती आता उघडली.

“मी गाणाऱ्या कथेकऱ्यांपुढे जन्म घालवला,” त्या म्हणाल्या. “काय काय गातात ते! देवाने जिवाला जन्माच्या वाटेने एकट्यालाच सोडलं, सोबत ना दोर दिला ना दोरी, असं एकजण गायचा. मी मान डोलवायची, डोळे पुसायची, आणि घरी येऊन ही मूठ वळायची. थोरल्या, इकडे ये.”

थोरला आला.

“माझ्या भावाने काय सांगितलं?”

“आत्या—”

“मला दिसत नाही, म्हणून तुझं तोंड मी बघत नाहीये असं समजू नकोस. काय सांगितलं?”

थोरल्याने इकडे तिकडे पाहिलं. धाकटा मान हलवत होता, बोलू नको म्हणून. ताई रडत होती, पण आता कढईसाठी नाही. आणि बायको बघत होती, सरळ. त्या नजरेत काय होतं कोण जाणे. पण थोरल्याला एकदम वाटलं, की आज खोटं बोललो, तर उद्यापासून या बाईच्या हातचं पाणीसुद्धा मला कमी भरल्यासारखं लागेल.

“सुतळीला मोकळी करा, म्हणाले,” तो हळू बोलला.

“चाकवाल्यांना ऐकू आलं नाही.”

“सुतळीला मोकळी करा, असं बाबा म्हणाले!” थोरला ओरडलाच. “मी ऐकलं होतं! शुद्धीवर होते ते!”

“मग?”

“मग मोकळी!” त्याने दोन्ही हात हवेत फेकले. “या घराचा तिच्यावर हक्क नाही. माझा नाही, धाकट्याचा नाही, ताईचा नाही. ऐका रे सगळे!”

“आणि माझा वाटा?” धाकटा किंचाळला. “मला काय मिळालं?”

“धागा,” वहिनी म्हणाली. “चांगला लांब आहे.”

*

सुतळी उभी होती तशीच उभी होती. तिला वाटलं होतं, हे शब्द ऐकल्यावर काहीतरी होईल, छातीतून काहीतरी उडून जाईल. तसं काही झालं नाही. पायाला मुंग्या आल्या होत्या फक्त. मग ती चालू लागली, दाराच्या दिशेने.

“सुतळी,” थोरला म्हणाला.

ती थांबली. सवयीने थांबली, आणि थांबल्याचा तिला राग आला.

“नांगराचा दोर अर्धा आहे,” तो म्हणाला. आता आवाजात साखर नव्हती, हुकूमही नव्हता. काय घालायचं ते त्याला सुचतच नव्हतं. “पीळ उतरायला लागेल. तुझ्याशिवाय तो... म्हणजे, तो तेवढा पुरा करशील का?”

“मजुरी काय देणार?”

धाकट्याने कपाळाला हात लावला. थोरल्याने चाकवाल्याला देत होता तेवढी सांगितली. चाकवाल्याने लगेच दोन्ही हात नाचवून सुतळीला खूण केली: याच्या दुप्पट, दुप्पट!

“दुप्पट,” सुतळी म्हणाली.

“बरं, दुप्पट. येतेस?”

सुतळीने त्या दोराकडे पाहिलं. लडी ताणून बसल्या होत्या. आणखी थोडा वेळ गेला तर सैल पडणार होत्या, हे पडवीतल्या प्रत्येकाला कळत होतं, आणि तिला सगळ्यांत जास्त.

“विचार करून सांगते,” ती म्हणाली.

“विचार? अगं, कशाचा विचार? कधी सांगणार?”

“विचार झाला की.”

आणि ती बाहेर गेली. रस्त्यावर तिसऱ्या प्रहराचं ऊन होतं. समोर कुंभाराच्या दारात मडकी सुकत होती, एक बाई भिंतीला पाठ लावून तान्ह्याला पाजत होती. सुतळी पडवीच्या पायरीवर बसली. या पायरीवरून ती आजवर हजारदा गेली-आली असेल. बसली मात्र नव्हती कधी.

थोड्या वेळाने वहिनी बाहेर आली. शेजारी बसू की नको, असं करत शेवटी उभीच राहिली. “सुतळी, ते आत लडी धरून उभे आहेत. हे एका टोकाला, भावोजी दुसऱ्या टोकाला, मध्ये ताई. हात सोडले तर पीळ जाईल, म्हणून सोडताही येत नाहीत. काय विचार करतेयस?”

“काही नाही, वहिनी.”

“काही नाही म्हणजे?”

“काही नाही म्हणजे काही नाही. नुसती बसलेय.”

वहिनीने पदर सावरला, आणि तीही पायरीवर बसली.

आतून थोरल्याने हाक मारली. कुणाला, ते त्याने सांगितलं नाही. दोघींपैकी कुणीच उठलं नाही.